मडमेला जुंपलेले साठ रेडे

गिरीजला, मोठ्या रस्त्याच्या कडेला, माडाच्या झापांनी शाकारलेल्या शेडमध्ये प्लासिड मिस्त्री मोटारी दुरुस्त करायचा. शेडमध्ये पाने होते, जॅक होते, रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवलेले नटबोल्ट होते. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली होती आणि संध्याकाळी प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर परत जायचं. तार मात्र नव्हती. बांधायची तार, मग ती कसलीही असो, प्लासिडने त्या शेडमध्ये कधी येऊ दिली नाही. एखाद्या गाडीखाली वाकल्यावर तारेने टांगलेला सायलेन्सर दिसला, की तो आधी बाजूला जाऊन थुंकायचा आणि मग गाडीवाल्याला विचारायचा, "हे कोणी केलं?"

उत्तर ठरलेलं असे. गाडीवाल्यानेच केलेलं असायचं, आणि त्याला त्याचा अभिमान असायचा.

"वाडीतला माणूस," प्लासिड म्हणायचा, "बांधतो. जोडत नाही." केळीचा घड बांबूला बांधायचा, पानवेल शेवरीला बांधायची, रहाटाची गाडगी दोराला बांधायची, मग मोटार आली तर तीही बांधायची. त्याचा बाप याच गावात दुसऱ्याच्या वाडीतला रहाट हाकत मेला होता, त्यामुळे हे बोलायचा हक्क त्याला होता. सोळाव्या वर्षी तो मुंबईला एका गॅरेजात लागला. लढाईत सहा वर्षं देवळालीच्या लष्करी वर्कशॉपात काढली. तिथे एका ट्रकचा तुटलेला ब्रेक त्याने एकदा तारेने बांधून दिला होता. घाई होती, ट्रक रांगेत उभा होता. तो ट्रक घाटात गेला. दुसऱ्या दिवशी सार्जंटने त्याला दरीत उतरवून ती तार त्याच्याच हातांनी सोडवायला लावली आणि मेलेल्या तिघांची नावं तीनदा मोठ्याने म्हणून घेतली. शिक्षा एवढीच. प्लासिडला ती नावं पाठ होती. बायकोला, मार्गारेटला, त्याने ही हकीकत लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितली आणि पुन्हा कधी सांगितली नाही.

एवढं माहीत असलं म्हणजे फर्डिनंड शेठच्या मोटारीचं प्रकरण त्याला किती किळसवाणं वाटलं असेल ते समजतं.

फर्डिनंड शेठ नंदाखालचा. केळी आणि नारळाची मोठी वाडी, विरारच्या स्टेशनावरून मुंबईला माल, बंगलीला हिरव्या काचा. सत्तेचाळीस साली एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची सलून मोटार शेठने घेतली. छत्तीस सालची, काळी, चार दरवाज्यांची, आतून लाल चामड्याची. साहेबाची बायको ती चालवायची म्हणून शेठच्या घरात तिला मडम म्हणत. इंजिन दहा घोड्यांचं, पण शिवणयंत्रासारखं चालणारं. प्लासिडने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाना खाली ठेवून तो दोन मिनिटं नुसता उभा राहिला होता.

पाच वर्षांत शेठने त्या मडमेची दशा केली. मागच्या सीटवर केळीचे घड, पायाशी नारळाची पोती, टपावर टोपल्या. लाल चामड्याला केळीच्या चिकाचे काळे डाग पडले, आत सुक्या बोंबलांचा वास बसला, आणि वर दर रविवारी देवळात, म्हणजे चर्चला, जाताना सात माणसं. अशी गाडी पळणार नाहीच. एका सकाळी आगाशीची सर्विस मोटार, म्हणजे प्रवाशांची बस, मागून आली, हॉर्न वाजवत पुढे गेली, आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "शेठ, थांबून ढकलू का?"

सर्विसमधली सगळी आगाशी हसली. शेठने त्या दिवशी जेवण टाकलं. आठवड्याने तो मुंबईच्या लष्करी भंगारातून जीपचं एक इंजिन, गिअरबॉक्ससकट, बैलगाडीत घालून प्लासिडच्या शेडपुढे हजर झाला.

"व्याही," शेठ म्हणाला, "हे मडमेत बसवायचं."

व्याही हा शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला होता. प्लासिडची मुलगी लुईझा आणि शेठचा मुलगा व्हिक्टर यांचं लग्न ठरून महिना झाला होता. इतके दिवस शेठ त्याला मिस्त्रीच म्हणत होता.

प्लासिडने इंजिनाला फेरी मारली. कुठल्या तरी जंगलाचा लाल चिखल अजून त्याच्या फटींत वाळून बसला होता. एका कोपऱ्यात उंदरांनी घर केलेलं होतं. पण आतून ते चांगलं होतं, आणि नवं होतं. वाईट वाटण्यासारखं तेच होतं.

"किती घोडे?" शेठने विचारलं.

"साठ."

"आणि आपल्या मडमेचे?"

"दहा."

"म्हणजे एका रेड्याच्या जागी सहा रेडे."

"शेठ, तुमच्या विहिरीच्या रहाटाला सहा रेडे लावले तर काय होईल?"

"पाणी सहापट येईल."

"गाडगी फुटतील. माळ तुटेल. रहाट उचकटून विहिरीत जाईल."

"ते रहाटाचं झालं," शेठ म्हणाला. "हे लोखंड आहे."

प्लासिडने बोटांवर मोजून सांगितलं. हे इंजिन जड, पुढच्या स्प्रिंगांचे पाटे दबतील. गिअरबॉक्स रुंद, तळ कापावा लागेल. मागच्या चाकांचा आस इतका जोर सोसणार नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ब्रेकची. या गाडीचे ब्रेक तेलावर चालत नाहीत, लोखंडी दांड्यांवर चालतात. पायाने पॅडल दाबलं की मधला दांडा चाकांचे दांडे ओढतो. तो मधला दांडा बरोबर नव्या गिअरबॉक्सच्या पोटात येतो. तो काढून दुसरा, वळणाचा, घडवावा लागेल.

शेठने हे सगळं मान हलवत ऐकलं आणि विचारलं, "सर्विसच्या पुढे जाईल ना?"

नाही म्हणता आलं असतं. प्लासिडने आजवर पुष्कळ गाड्या शेडमधून परत पाठवल्या होत्या. पण रात्री जेवताना मार्गारेट म्हणाली, "तुम्ही नाही केलं तर तो दुसऱ्याकडून करून घेईल. मग त्यात आपली पोरगी बसेल." प्लासिड तयार झाला. त्याने एकच अट घातली. मधला दांडा बसेपर्यंत गाडी शेडबाहेर जाणार नाही. शेठने छातीवर क्रूस काढून कबूल केलं.

काम तीन आठवडे चाललं. पहिल्याच दिवशी जुनं इंजिन बाहेर काढताना प्लासिडला कसायाच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटलं. ज्या माणसांनी ते बनवलं होतं त्यांनी प्रत्येक पाइपाला जागा ठेवली होती, प्रत्येक बोल्टाला पाना पोचेल एवढी मोकळीक ठेवली होती. आता तो छिन्नी घेऊन त्या मडमेचं पोट फाडत होता. बॉनेट बसेना म्हणून त्याला भोक पाडावं लागलं. सायलेन्सरचा पाइप तळाला चिकटून गेला. रोज संध्याकाळी तो विहिरीवर कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा, आणि ते धुतल्यावरही जेवताना डावा हात ताटापासून लांब ठेवायचा.

शेठ दर दोन दिवसांनी यायचा. सोबत नंदाखालचे दोघेतिघे. एकदा त्याने बॉनेटच्या भोकावर हात ठेवून सांगितलं, "इथे पितळेचा सिंह बसवायचा." एकदा येऊन जुनं इंजिन उचलून घेऊन गेला.

"कशाला हवंय?"

"विहिरीला लावतो. रहाट बंद. रेडा विकला."

ते इंजिन विहिरीच्या काठावर विटांवर बसलं. जे साहेबाच्या बायकोला खंडाळ्यापर्यंत घेऊन जायचं ते आता दिवसरात्र पाणी उपसू लागलं. महिन्याभरात विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं, कारण समुद्र तिथून मैलावर आणि वरचं गोडं पाणी उपसलं की खालून खारं येणारच. शेठची बायको सालोमी चहा शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा करू लागली. शेठने इंजिन बंद केलं नाही.

मधला दांडा प्लासिडने स्वतः घडवला. आगाशीच्या लोहाराच्या भट्टीवर बसून, एक इंची सळई तापवून, तीनदा वळवून. दोन्ही टोकांना आटे पाडले. रविवारी देवळातली मिसा झाल्यावर बसवायचा असं ठरवून तो दांडा त्याने फळीवर ठेवला.

रविवारी तो देवळातून आला तर शेड रिकामी होती. चाकांच्या खुणा रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. मडम शेठ घेऊन गेला होता. सालोमीला दाखवायला, असं शेजारणीने सांगितलं.

प्लासिड दांडा खांद्यावर टाकून सायकलने नंदाखालला गेला. शेठ मुंबईला गेला होता. दुसऱ्यांदा गेला तेव्हा गाडी विरारला होती. तिसऱ्यांदा शेठ भेटला, म्हणाला, "अहो, ब्रेक लागतायत! आमच्या रहाटावरच्या पांडूने केलंय काहीतरी. उपासाचे दिवस लागायच्या आत लग्न उरकायचंय, मग ईस्टरपर्यंत लग्नं लागत नाहीत, मला श्वास घ्यायला वेळ नाही. लग्नानंतर बघू."

"काय केलंय पांडूने?"

"केलंय, केलंय. तुमच्यासारखा महिना नाही लावला."

प्लासिडने होणाऱ्या जावयाला गाठून पाहिलं. व्हिक्टर सभ्य मुलगा होता, सभ्यपणाने म्हणाला, "पप्पांनाच सांगा ना." आणि गाडी काही केल्या उभी सापडेना. दोन वेळा ती त्याच्या शेडसमोरून गेली, पितळेचा सिंह चमकत, निळा धूर सोडत, आगाशीच्या सर्विसला मागे टाकून. शेठने हॉर्न वाजवून हात केला.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती प्लासिडच्या दारात येऊन उभी राहिली. देऊळ तिथून पाच मिनिटांवर. तरी नवरीने मोटारीतूनच यायला हवं असा शेठचा निरोप होता. टपाला केळीचे खुंट बांधलेले, सिंहाच्या गळ्यात झेंडूची माळ, चाकांना चुन्याचे पांढरे पट्टे. चालवायला शेठ स्वतः, शेजारी पांडू. पांडू हा शेठच्या रहाटावरचा माणूस, खाडीकडच्या गावातला. रहाट बंद झाल्यावर त्याला काम उरलं नव्हतं म्हणून शेठने त्याला मोटारीवर ठेवला होता. मोटारीवर म्हणजे ती धुवायला.

प्लासिडच्या अंगावर काळा कोट होता, मुंबईहून शिवून आणलेला. त्याने एका पाहुण्याला चादर मागितली, ती गाडीखाली अंथरली आणि उताणा होऊन आत सरकला. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

मधल्या दांड्याच्या जागी दोर होता.

अंबाडीचा, अंगठ्याएवढा जाड, तीन पदरी. एका टोकाला पॅडलच्या खुंटीभोवती, दुसऱ्या टोकाला चाकांच्या दांड्याभोवती, आणि मध्ये गिअरबॉक्सच्या पोटाखालून वळसा. गाठ सुरेख होती. प्लासिडने ती ओळखली. त्याचा बाप रहाटाच्या माळेला हीच गाठ मारायचा. दोर ओला होता, थेंब गळत होते, आणि एका बाजूने सायलेन्सरच्या पाइपाजवळ तो तपकिरी होऊन करपला होता.

तो तसाच बाहेर आला.

"पांडू," तो म्हणाला, "हे काय आहे?"

पांडू खुशीत पुढे आला. "मिस्तरी, झक्कास धरतं. आमच्या रहाटाची माळ बारा वर्सं ह्याच गाठीवर चालली. अंबाडी भिजली का आवळते. लोखंडाच्या वर जाते."

"आणि वाळली की?"

"वालंल कशी? रहाटावर तर ती पान्यातच असते."

"हा रहाट आहे का?"

पांडूने जरा विचार केला. "म्हनून तर मी सकाळी एक घडा पानी मारतो ना. दुपारी शेठ बाहेर काढनार असले तर आनकी एक."

प्लासिड शेठकडे वळला. "माझी मुलगी यात बसणार नाही."

शेठ गाडीतून उतरला. आधी तो हसला. "तीन आठवडे चालवतोय. विरारला गेलो, वसईला गेलो. मी मेलो का?"

"दोरीवर ब्रेक आहे शेठ. इंजिन तापलं की ती वाळते, सैल पडते. साठ घोडे पुढे आणि मागे धरायला काथ्या."

"अंबाडी," पांडूने दुरुस्ती केली.

"सगळ्या गावासमोर माझ्या गाडीखाली झोपता?" शेठचा आवाज चढला. "मिस्त्री तो मिस्त्रीच. ठीक आहे, देवळापर्यंत चालत न्या पोरीला. परत येताना ती माझी सून असेल. माझी सून माझ्या गाडीतून माझ्या घरी जाईल. तेव्हा कोणी आडवं झोपायचं नाही."

तो व्याही शब्दापासून मिस्त्रीवर परत आला होता, हे सगळ्यांनी ऐकलं.

लुईझा चालत निघाली. बँड पुढे, बाप बाजूला. पांढऱ्या झग्याची झालर धुळीत लोळत होती. अर्ध्या वाटेवर ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, परत जाताना मी बसणार आहे."

"लुईझा, तो ब्रेक..."

"ऐकलं मी. बसले नाही तर आयुष्यभर ते मला ऐकवतील. तुम्हाला नाही, मला." थोडं चालून ती म्हणाली, "तुम्हाला काय करता येईल ते करा."

तिने ते सहज म्हटलं. प्लासिडला ते कामाच्या ऑर्डरसारखं ऐकू आलं.

देवळात त्याने तिला वेदीपर्यंत नेलं, व्हिक्टरच्या शेजारी उभं केलं आणि पहिल्या बाकावर बसला. मनात तो गाडीखालीच होता. नंदाखालपर्यंत सव्वातीन मैल. वाटेत दोन वळणं, दुसऱ्या वळणाला बावखल, कमरेएवढ्या पाण्याचं तळं, कठडा नाही. दांडा शेडमध्ये फळीवर. आणायला पंधरा मिनिटं. पण बसवायला गिअरबॉक्स सैल करून खाली घ्यावा लागणार, म्हणजे दोन तास. देवळाच्या दारात, सगळ्या वऱ्हाडासमोर, दोन तास. गाडी बिघडवून ठेवावी, एक वायर काढून खिशात घालावी, तर शेठ माणसं लावून ढकलत नेईल, पण तीत सुनेला बसवल्याशिवाय राहणार नाही. ढकलताना तर ब्रेकची गरज पडणारच.

एखाद्या चांगल्या जाड तारेने दोराला जोड देता आली असती. दहा मिनिटांचं काम. त्याच्याकडे तार नव्हती. शेडमध्ये नव्हती, घरात नव्हती, पेटीत नव्हती.

पाद्री उपदेश करत असताना तो उठला आणि बाजूच्या दाराने बाहेर पडला. मार्गारेटने त्याला जाताना पाहिलं. तिने मान वळवली नाही.

मडम उन्हात उभी होती. पांडू चिंचेखाली बिडी ओढत बसला होता.

"घडा कुठाय?"

"इहिरीवर. मिस्तरी, मी सकाळी मारलंय."

"सकाळी मारलंय. आता वाळलं असेल."

प्लासिड पुन्हा आत सरकला. या वेळी चादर नव्हती. वरून काळं ऑइल टपकत होतं, कोटाच्या खांद्यावर पडत होतं. दोराला हात लावला. वरचा पदर कोरडा, तापलेला. दाबला की बोट आत जात होतं. पॅडल तळापर्यंत गेलं असतं आणि गाडी तशीच चालली असती.

"पाणी आण," तो म्हणाला. "भरपूर आण."

पांडूने देवळाच्या विहिरीचं पाणी आणलं. प्लासिडने ओंजळीने ते दोरावर मारलं; मग ओंजळ पुरेना म्हणून खिशातला रुमाल भिजवून दोराला गुंडाळला, पिळला, पुन्हा भिजवला. पाणी त्याच्या बाहीतून कोपराकडे आणि कोपरातून काखेत उतरलं. "अजून," तो म्हणत होता. तिसरा घडा, चौथा घडा. दोर फुगत गेला, आवळत गेला. त्याने गाठ चाचपली, सुटलेला एक पदर दातांनी ओढून बसवला. तोंडात अंबाडी, ऑइल आणि शेण यांची चव आली. लहानपणी बापाच्या हाताला यायचा तोच हा वास.

देवळात घंटा वाजली. त्याची मुलगी आत हो म्हणत होती की तिचं म्हणून झालं होतं, ते त्याला कळलं नाही.

"मिस्तरी," पांडू वाकून आत बघत म्हणाला, "तुमी तर अगदी रहाटकऱ्यासारखं बांधता."

प्लासिडने गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. त्याला त्या दोराची किळस होती, त्या गाडीची होती, शेठची तर होतीच. पण त्या क्षणी सगळ्यात जास्त किळस त्याला या गोष्टीची आली, की गाठ चांगली बसली होती आणि त्याला बरं वाटलं होतं.

तो बाहेर येण्याच्या आत वऱ्हाड बाहेर आलं. फोटोवाल्याने नवरानवरीला मडमेपुढे उभं केलं, शेठला एका बाजूला, सालोमीला दुसऱ्या. "नवरीचे वडील कुठे?" फोटोवाला ओरडला. कोणाला माहीत नव्हतं. तो फोटो अजून नंदाखालच्या त्या बंगलीत आहे. नीट पाहिलं तर मागच्या चाकाजवळ, गाडीखालून बाहेर आलेले दोन बुटांचे तळवे दिसतात.

मग तो बाहेर आला. कोट छातीपर्यंत भिजलेला, खांद्यावर ऑइल, ओठाला अंबाडीचा तंतू.

"काय हो," शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लग्नात न्हायला पाणी नवऱ्यावर घालतात. तुम्ही कसे न्हालात?"

वऱ्हाड हसलं. लुईझा हसली नाही. तिने बापाच्या बाहीकडे पाहिलं, मग गाडीखाली साचलेल्या ओलीकडे पाहिलं, आणि दरवाजा उघडून आत बसली.

"ब्रेक दाबून बघा," प्लासिड म्हणाला.

शेठने दाबला. "दगड!" तो म्हणाला. "दगडासारखा घट्ट! हेच सांगत होतो सकाळी. ऐकायचं नाही माणसाने."

मडम निघाली. बँडचा आवाज तिच्या आवाजात बुडून गेला. प्लासिड रस्त्याच्या मध्यभागी कान देऊन उभा राहिला. पहिल्या वळणाला इंजिनाचा आवाज पडला, ब्रेकची किंचाळी आली, आवाज पुन्हा चढला. दुसरं वळण दूर होतं. तिथलं काही ऐकू आलं नाही. धडामही ऐकू आलं नाही.

"पांडू, एका भिजवणीत किती वेळ टिकतं?"

पांडूला मोटारीत जागा मिळाली नव्हती. तो चालतच जाणार होता. "गाडी चालली तर घंटाभर. उभी असली तर जास्त."

"आज संध्याकाळी ती कुठे जाणार?"

"नव्या नवरीला अर्नाळ्याला दर्या दाखवाया न्यायचीय. शेठ बोलत होते."

"पाणी कोण मारणार?"

"मीच की." मग पांडूने जरा हिशेबाने सांगितलं, "पोचलो येलेवर तर."

मार्गारेट मांडवात पंगतीचं बघत होती. तिच्या नवऱ्याची सायकल शेडकडे वळलेली तिने पाहिली, आणि थोड्या वेळाने पिशवीत पाने, खांद्यावर वळणाचा लोखंडी दांडा असा तो ओल्या काळ्या कोटात नंदाखालच्या दिशेने गेलेलाही पाहिला. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कामावर गेलेत."

शेठच्या अंगणात जेवणं चालू होती. मुलीचा बाप, न बोलावता, त्याच दिवशी, सायकलवरून. लोकांनी वाट दिली. मडम फणसाखाली उभी होती. प्लासिडने कोट काढून फांदीला अडकवला, विहिरीच्या काठावरच्या चार विटा उचलून चाकांना लावल्या आणि आत सरकला. विटा जुन्या इंजिनाच्या बैठकीतून उरलेल्या होत्या. ते आज लग्नाची सुट्टी म्हणून बंद होतं.

शेठ ताटावरून उठून आला. "काय चाललंय? माझ्या घरी पाहुणे आहेत!"

गाडीखालून एक पाना फिरल्याचा आवाज आला.

"मिस्त्री!"

लुईझा नवरीच्या पोशाखातच पायऱ्या उतरून आली आणि गाडीजवळ उभी राहिली. तिने काही केलं नाही, नुसती उभी राहिली. शेठने तिच्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि परत पानावर जाऊन बसला.

दोन तास लागले. तेवढ्यात अंगणातल्या पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी त्याचं नाव ठेवून टाकलं. गाडीखालचा व्याही. नंदाखालला तो मरेपर्यंत त्याच नावाने ओळखला गेला.

दोर कापून त्याने बाहेर फेकला तेव्हा तो पुन्हा कोरडा झालेला होता, आणि करपलेल्या जागी तीनपैकी एकच पदर उरला होता. पांडू नुकताच चालत येऊन पोचला होता. त्याने दोर उचलला, करपलेली जागा अंगठ्याने चाचपली आणि तो केळीत नेऊन टाकला.

प्लासिडने दांड्याच्या टोकाचा नट घट्ट केला, त्यात पिन घातली, पिनीची टोकं वळवली. मग पॅडलला अर्ध्या इंचाची सूट दिली; ब्रेक धरण्याआधी पॅडल तेवढं मोकळं जायला हवं. बाहेर आला, हात पुसले.

"बघा," तो म्हणाला.

शेठ पान खात आला, सीटवर बसला, पाय दाबला. एकदा, दोनदा. पाहुणे बघत होते.

"लागतो," शेठ म्हणाला. मग त्याने पिंक टाकली, पितळेच्या सिंहाच्या जरा बाजूला. "पण दोरीचा जास्त घट्ट होता."

प्लासिडने फांदीवरचा कोट काढला. तो अजून ओलाच होता. तो त्याने तसाच अंगात घातला आणि सायकल हातात घेतली.